सर फिरोजशहा मेहता आणि मुंबईची ३९ मिनिटे

कुपवाडात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या घड्याळांत सरासरीने १२ वाजून ३२ मिनिटे झालेली असतात. आपली मध्यान्ह आणि आपल्या घड्याळाचे बारा यांत अर्ध्या तासाहून अधिक अंतर आहे. ऋतुमानाप्रमाणे ते काही मिनिटांनी कमीजास्त होते, पण नाहीसे कधीच होत नाही. कारण सोपे आहे. आपण जी भारतीय प्रमाणवेळ पाळतो ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. कुपवाड साधारण ७४ अंश ३६ कलांवर वसले आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. वजाबाकी करून चाराने गुणले की बत्तीस मिनिटांचा हिशेब मिळतो.

आज या हिशेबावरून कुणी कुणाशी भांडत नाही. एके काळी मात्र अशाच काही मिनिटांवरून मुंबई शहरात मोठे रण माजले होते आणि त्यात शहराच्या बाजूने सर फिरोजशहा मेहता उभे होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फिरोजशहांच्या वाट्याला फार तर अर्धे पान येते. मवाळांचे पुढारी, काँग्रेसचे अध्यक्ष, सुरतेच्या फुटीतले एक नाव, एवढ्यावर त्यांची बोळवण होते. त्यातून महाराष्ट्रातल्या आपल्या पिढ्या टिळकांच्या बाजूने वाढलेल्या, त्यामुळे फिरोजशहांकडे थोडे तिरक्या नजरेने पाहण्याची आपल्याला सवय आहे. पण घड्याळाच्या या भांडणात त्यांचा जो स्वभाव दिसतो तो मला त्यांच्या सगळ्या चरित्राची किल्ली वाटतो. म्हणून त्यांचे आयुष्य या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा ते आठव्या वर्षात होते. त्या गाडीबरोबर आपल्या देशात एक नवीच अडचण जन्माला आली, ती वेळेची.

तोपर्यंत प्रत्येक गावाची वेळ त्या गावापुरती होती. लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर साधला जाई. पाण्यावर ठेवलेली वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटे. कुपवाडचे जोशीबुवा आणि कलकत्त्याचे पंडित यांच्या मध्यान्हीत सव्वादोन घटकांचे अंतर पडत असे, पण त्याने कुणाचे काही अडत नव्हते, कारण एका दिवसात इकडून तिकडे कुणी पोहोचतच नव्हते. आपल्या ज्योतिषांना हे अंतर माहीत नव्हते असे मात्र नाही. उज्जयिनीचे रेखावृत्त मूळ धरून आपल्या गावाचा फरक काढावयाचा, याला ते देशांतर संस्कार म्हणत. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते. तेव्हा दोन गावी ते स्थानिक वेळेप्रमाणे किती घटकांनी लागले हे ताडून पाहिले की त्या गावांमधले अंतर कळते, ही युक्तीही त्यांना शतकानुशतके ठाऊक होती. परंतु ही विद्या पंचांगापुरती होती. आगगाडीने ती तिकिटाच्या खिडकीवर आणून ठेवली.

गाडी एकच आणि रुळही एकच, पण वाटेतल्या प्रत्येक गावाचे घड्याळ वेगळे, असे कसे चालावे? एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर पाच मिनिटांचा घोळही जिवावर बेतणारा. तेव्हा १८७० च्या सुमारास रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली. मद्रासला वेधशाळा होती, तेथून तारेने रोज वेळ कळविता येई, आणि मद्रास हे मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्यावर पडते. ग्रीनविचच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटे, मद्रास ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्ता ५ तास ५३ मिनिटे, असे हे तीन आकडे आहेत. ते लक्षात ठेवले की पुढचे सारे भांडण समजते. १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे मिरजेला आली तेव्हा आपल्या भागातही ही मद्रास वेळ आली. ती आपल्या सूर्यापेक्षा सुमारे बावीस मिनिटे पुढे होती. रानात सावली पाहून निघणाऱ्या माणसाची गाडी चुकण्यास एवढे पुरेसे होते.

फिरोजशहांकडे परत वळू. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६४ साली पदवीधर झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांच्याच शिफारशीने ते शिष्यवृत्तीवर बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेले. पुढे मुंबईतल्या कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या दात्याचीच पेढी अडचणीत आली, तरी त्यांनी लिंकन्स इनमधून १८६८ साली परीक्षा पुरी केली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. तिथेच त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली असणार. इंग्लंडातल्या बहुतेक गावांनी तोवर रेल्वेची म्हणजे ग्रीनविचची वेळ पत्करली होती, पण कायद्याने तिला मान्यता नव्हती. डॉर्चेस्टरच्या एका खटल्यात न्यायालयाच्या घड्याळात दहा वाजून गेले म्हणून प्रतिवादी गैरहजर धरला गेला आणि निकाल त्याच्याविरुद्ध लागला. गावच्या वेळेप्रमाणे तो वेळेवर आला होता! वरच्या न्यायालयाने १८५८ साली ठरविले की, कायद्यात दहा म्हणजे त्या त्या गावचे दहा. फिरोजशहा कायदा शिकत होते तेव्हा इंग्लंडचा कायदा हा होता. तो बदलण्यासाठी १८८० साली पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. वेळ बदलायची तर लोकप्रतिनिधींनी बदलायची, हा धडा त्यांच्या साहेबांच्याच देशातला आहे, हे विसरता कामा नये.

मुंबईस परतल्यावर वकिली जोरात चालू लागली. पण त्यांचे खरे प्रेम जडले ते शहराच्या कारभारावर. १८७१ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीविरुद्ध करदात्यांनी मोठी ओरड केली होती. त्या तापलेल्या वातावरणात सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी उलटा सूर लावला. क्रॉफर्ड यांनी शहर सुधारले हे त्यांनी कबूल केले, आणि दोष माणसाचा नसून रचनेचा आहे असे मांडले. पैसा देणाऱ्यांनी निवडलेली सभा हवी, आणि तिला जबाबदार असा एकच कार्यकारी अधिकारी हवा, ही त्यांची मागणी होती. सभेत त्यांच्यावर आरडाओरड झाली. पण १८७२ च्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व आले. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा झाला, त्याच्या घडणीत तर त्यांचा हात फारच मोठा आहे. निवडलेले सभागृह आणि नेमलेला आयुक्त ही जोडी आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेतही १९९८ पासून आहे. तिचे मूळ शोधीत गेल्यास ते त्या कायद्यापर्यंत पोहोचते.

या माणसाइतका मुंबई-कलकत्ता प्रवास त्या काळी फार थोड्यांनी केला असेल. १८९० साली ते कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नंतर व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर निवडून गेले, आणि ते मंडळ कलकत्त्यास भरत असे. १९०१ च्या काँग्रेसला ते खास डब्यातून निघाले होते. दक्षिण आफ्रिकेतून आलेले तरुण बॅरिस्टर गांधी त्याच गाडीत होते, आणि त्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी त्या डब्यात एका टप्प्यापुरती जागा मिळाली. दिनशा वाच्छा आणि चिमणलाल सेटलवाडही तिथे होते. आपल्याच देशात आपल्या हाती सत्ता नसताना परदेशातल्या हिंदी लोकांसाठी आपण काय करणार, असे फिरोजशहांनी त्यांना सांगितल्याचे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. त्या गाडीतल्या घड्याळांचा विचार मनात येतो. मुंबईत घरचे घड्याळ मुंबईचे, फलाटावरचे मद्रासचे, त्याहून अर्धा तास पुढे, आणि हावड्याला उतरून पूल ओलांडला की कलकत्त्याचे, आणखी बत्तीस मिनिटे पुढे. एकूण फरक एक तास दोन मिनिटे. तेव्हा निरनिराळ्या वेळांची अडचण फिरोजशहांना समजत नव्हती असे कुणीही म्हणू शकणार नाही.

मुंबईची वेळ काढून घेण्याचा पहिला प्रयत्न १८८१ साली झाला. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी मद्रास वेळ सुरू केली. (पुण्याच्या कॉलेजला नाव आहे ते याच साहेबांचे.) मुंबईकरांना ते रुचले नाही. व्यापारी, वर्तमानपत्रे, विद्यापीठातली मंडळी सगळे विरोधात गेले. राजाबाई टॉवरचे घड्याळ कोणती वेळ दाखविणार यावरूनही खडाजंगी झाली आणि दोनएक वर्षांत सरकारला हात मागे घ्यावा लागला. मुंबईने ही जीत लक्षात ठेवली.

१८८४ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रीनविचचे रेखावृत्त शून्य मानण्याचे ठरले. त्यानंतर एकेका देशाने ग्रीनविचच्या हिशेबात आपली वेळ बसविली. हिंदुस्थानात हा विषय लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत निकालात निघाला. ग्रीनविचच्या पुढे बरोबर साडेपाच तास ही वेळ ठरली, १९०५ च्या जुलैपासून ती रेल्वे व तारखात्याने धरली आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत आली. या नव्या वेळेसाठी मद्रासला फक्त नऊ मिनिटे पुढे सरकायचे होते. कलकत्त्याला तेवीस मिनिटे मागे यायचे होते. सर्वांत मोठी उडी मुंबईला मारायची होती, ती एकोणचाळीस मिनिटांची.

एकोणचाळीस मिनिटे ही कागदावर लहान रक्कम आहे. पण गिरणी सकाळी सहाला सुरू होत असेल आणि उद्यापासून ते सहा नव्या घड्याळाचे असतील, तर कामगाराला सूर्याच्या पाच एकवीसलाच दारात उभे राहावे लागणार. त्याआधी उठणे, चूल पेटविणे, नळावर रांग लावणे आणि चाळीतून चालत जाणे हे सारे तितकेच अलीकडे ओढले जाणार. तेही जानेवारीच्या अंधारात! त्या महिन्यात मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद ठेवले. त्यांना रेखांश कुणी शिकविला नव्हता, पण आपल्या झोपेतून काय गेले ते त्यांना नेमके कळले होते.

वातावरण आधीच बिघडलेले होते. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली होती. लोकांचे न ऐकता वरून हुकूम काढायचा ही कर्झनशाहीची रीत देशभर बोचत होती. फिरोजशहा १९०५-०६ साली महापालिकेचे अध्यक्ष होते, आणि ही त्यांची तिसरी खेप होती. नोव्हेंबर १९०५ मध्ये युवराज मुंबईत उतरले तेव्हा शहराच्या वतीने स्वागत करण्याचा मानही त्यांच्याकडे आला होता. म्हणजे सरकारदरबारी त्यांचे वजन कमी नव्हते. दोन वर्षांपूर्वीच त्यांना सर ही पदवी मिळाली होती. अशा माणसाने एका घड्याळासाठी सरकारशी वाकडे का घ्यावे?

त्यांचा मुद्दा कायदेपंडिताचा होता. नवी वेळ चांगली की वाईट या वादात ते फारसे शिरले नाहीत. सरकारने हा बदल करताना लोकांना विश्वासात घेतले नाही, शहराच्या सभेला विचारले नाही, यावर त्यांनी बोट ठेवले. रेल्वे सरकारची, तारखाते सरकारचे. तिथे त्यांनी हवी ती वेळ ठेवावी. पण शहराची घड्याळे शहराच्या पैशाने चालतात, तेव्हा त्यांत किती वाजावेत हे शहर ठरवील, असा त्यांच्या भूमिकेचा अर्थ होतो. १९०६ सालीच महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली. वर्तमानपत्रांत याला घड्याळांची लढाई असे नाव पडले.

यात फिरोजशहांचा हट्ट होता काय? होता, असेच मला वाटते. ते हेकेखोर होते, सभेवर हुकमत गाजवीत, आणि आपल्या शब्दाला विरोध त्यांना खपत नसे. १९०७ साली काँग्रेसचे अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला नेण्यात त्यांचा जो हात होता, तिथे हाच स्वभाव देशाला महाग पडला. लोकांना विचारले नाही असा सरकारवर ठपका ठेवणाऱ्या या पुढाऱ्याने काँग्रेसमध्ये विरोधकांचे म्हणणे किती ऐकून घेतले, असा प्रश्न टिळकांच्या अनुयायांनी विचारला असता तर तो गैर ठरला नसता.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९०१ साली मुंबईच्या कायदेमंडळात शेतसाऱ्याच्या कायद्यात बदल करणारे विधेयक आले. कर्जापायी शेतकऱ्याच्या हातून जमिनी जाऊ नयेत, असे कारण सरकारने पुढे केले होते. पण जमिनीवरचा शेतकऱ्याचा कायमचा हक्कच त्याने धोक्यात येतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. विधेयक लोकांपुढे ठेवून मते मागवावीत ही साधी मागणी नाकारली गेली तेव्हा फिरोजशहा सभागृहातून उठून बाहेर पडले, आणि गोखल्यांसारखे सहकारी त्यांच्या मागोमाग गेले. सनदशीर मार्गाच्या या भक्ताने केलेला तो सभात्याग त्या काळी धक्कादायक होता. सातारा-सांगलीकडच्या कुणब्यासाठी उठणे आणि मुंबईच्या घड्याळासाठी उठणे यांत त्यांच्या मते फरक नव्हता. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी विचारा, ही त्यांची मागणी दोन्हीकडे सारखी आहे. सरकारातल्या काही गोऱ्या अधिकाऱ्यांना हा माणूस किती खुपत होता ते १९०७ च्या निवडणुकीत दिसले. त्यांनी गट बांधून त्यांना पाडण्याचा घाट घातला आणि सोळा जागांत फिरोजशहा सतरावे आले. पुढे एका निवडून आलेल्या सभासदाची निवड रद्द झाली आणि ते पुन्हा सभागृहात येऊन बसले.

महापालिकेच्या निर्णयाची किंमतही कमी नव्हती, आणि ती देणारे लोक बहुतेक सामान्य होते. बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकात एक वेळ आणि रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीत दुसरी, असा प्रकार सुरू झाला. निमंत्रणपत्रिकेवर वेळ छापली तरी ती स्टँडर्ड टाइम की मुंबई टाइम हे पुढे लिहावे लागे. घरातल्या वडीलधाऱ्यांची वेळ एक आणि कचेरीत जाणाऱ्या मुलाची दुसरी. १९४२ च्या सप्टेंबरात महायुद्धामुळे सरकारने प्रमाणवेळच आणखी एक तास पुढे केली. ती १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत तशीच होती. तेव्हा तर मुंबई वेळ आणि सरकारी वेळ यांतले अंतर एक तास एकोणचाळीस मिनिटांवर गेले. कलकत्त्यानेही आपली जुनी वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. अर्थात असा हट्ट एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. पॅरिसने ग्रीनविचपुढे मान तुकविली ती १९११ साली, आणि डब्लिनची पंचवीस मिनिटे मागे असलेली वेळ १९१६ पर्यंत टिकली.

फिरोजशहांची शेवटची वर्षेही रिकामी गेली नाहीत. १९११ साली सोराबजी पोचखानवाला यांनी सेंट्रल बँक काढली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९१३ साली त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक निघाले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा पुतळा १९२३ साली महापालिकेच्या इमारतीपुढे, रेल्वे स्थानकाच्या समोरच उभा राहिला. तेव्हाही त्याच्या पाठीमागच्या इमारतीत मुंबईची वेळ चालू होती आणि समोरच्या फलाटांवर साडेब्याऐंशी अंशाची. स्वातंत्र्य आले, सरकार आपले झाले, तरी पालिकेची घड्याळे लगेच बदलली नाहीत. १९५० च्या दशकात लोकांनी निवडून दिलेल्या महापालिकेने स्वतःच ती एकोणचाळीस मिनिटे पुढे केली.